अक्षहृदय आणि कॅसानोव्हा

जर्मनीतील ऑग्सबर्ग नगरीच्या एका मुख्य अधिकाऱ्याने एका इटालियन प्रवाशाला आपल्या कचेरीत बोलावून घेतले आणि पृच्छा केली, की आपले जन्माचे आडनाव एक असता आपण भलत्याच नावाने, तेही सरदारकीच्या बिरुदासह, गावोगाव का मिरवता? प्रवासी मुळीच गडबडला नाही. मुळाक्षरे ही कोणा एकाची जहागीर नसून सर्वांच्या मालकीची आहेत, त्यांतील आठ अक्षरे उचलून मी माझ्या रुचीप्रमाणे मांडली आहेत, आणि आजवर हे नाव दुसऱ्या कोणीच धारण केलेले नसल्यामुळे ते माझ्याइतके खरे दुसऱ्या कोणाचेही असू शकत नाही, असा युक्तिवाद त्याने केला. अधिकारी निरुत्तर झाला. अर्थात हे सर्व त्या प्रवाशाचेच सांगणे आहे, आणि त्याच्या सांगण्याला जामीन राहण्याची माझी तयारी नाही.

हा प्रवासी म्हणजे २ एप्रिल १७२५ रोजी व्हेनिस येथे जन्मलेला जाकोमो कॅसानोव्हा, आणि ते आठ अक्षरी रोमन नाव म्हणजे 'सेंगाल'. स्त्रीलंपट पुरुषाला उद्देशून कॅसानोव्हाचे नाव आपल्याकडील वर्तमानपत्रेही सर्रास वापरतात, आणि त्याने स्वतःच्या प्रणयांचा जो पसारा लिहून ठेवला आहे तो पाहता या लौकिकाबद्दल तक्रार करण्याचा अधिकार त्याला उरत नाही. त्यांतील काही प्रकरणे तर, मुलींची वये लक्षात घेता, आजच्या कोणत्याही न्यायालयात त्याला सक्तमजुरीस पात्र ठरवतील. परंतु त्याच्या आत्मचरित्राचे बारा खंड जो सलगपणे वाचेल, त्याला असे आढळून येईल की, प्रणय हा या मनुष्याचा छंद असला तरी त्याची मूळ प्रकृती जुगाऱ्याची होती. गाव बदलले, नाव बदलले, वेष बदलला, तरी पत्त्यांचे मेज मात्र मुक्कामामागून मुक्काम त्याच्यासमोर मांडलेले दिसते.

वनपर्वातील नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडावरील पानांची व फळांची संख्या केवळ नजरेने सांगतो, आणि ज्या विद्येच्या बळावर ही गणना त्याला साधते ती 'अक्षहृदय' नामक विद्या तो नळाला देतो. ती हाती येण्यापूर्वी नळ सर्वस्व हरला होता. ती हाती आल्यावर त्याने पुष्कराकडून राज्य परत जिंकले. आपल्या पुराणकारांनी द्यूताची निंदा पुष्कळ केली, पण फाशांच्या मागे गणित असते आणि ते जाणणारा व न जाणणारा यांत राजा व भिकारी यांच्याइतके अंतर पडते, हे सत्यही त्यांनी लपवून ठेवले नाही. कॅसानोव्हाची गोष्ट या आख्यानाला छेद देणारी आहे. अक्षहृदय त्याला अवगत होते. त्याच्या आधारे त्याने फ्रान्सच्या राजाला द्रव्यार्जनाचे असे साधन मिळवून दिले, की ते राजाच्या वंशालाही पुरून उरले. आणि स्वतः मात्र आयुष्याच्या अखेरीस एका सरदाराच्या पुस्तकांची राखण करीत पोट भरले.

ज्या शहरात तो वाढला त्या शहराने जुगाराला राजमान्यता दिली होती. १६३८ साली व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने सान मोइझे भागातील दांदोलो घराण्याच्या वाड्यात 'रिदोत्तो' नावाचे सार्वजनिक द्यूतगृह उघडले. कार्निव्हलच्या हंगामात तेथे कोणालाही प्रवेश असे, मात्र मुखवटा घालण्याची सक्ती होती. उघड्या तोंडाने, डोक्यावर केसांचा टोप व अंगात काळा झगा घालून बसण्याचा मान केवळ बँक चालवणाऱ्या उमरावांचा होता, आणि त्यांतील बरेचसे उमराव नावाचेच असून त्यांच्या घरी दारिद्र्य नांदत होते. खेळ मुख्यतः फॅरोचा. मेजावर तेरा पाने मांडलेली असत; खेळणाऱ्याने आपल्या पसंतीच्या पानावर पैसे लावायचे आणि बँकवाल्याने हातातील जोडातून दोन-दोन पाने उलटत जायचे, पहिले पान बँकेचे, दुसरे खेळणाऱ्याचे. आपल्याकडील अंदर-बाहर ज्यांनी पाहिला असेल त्यांना याची चाल अपरिचित वाटू नये. वरवर पाहता डाव अगदी सारखा; परंतु दोन्ही पाने एकाच मोलाची निघाली की त्या पानावरील अर्धी रक्कम बँक गिळंकृत करी, आणि या एका क्षुल्लक दिसणाऱ्या कलमात बँकवाल्याचा उदरनिर्वाह साठवलेला होता.

कॅसानोव्हाचे आईबाप दोघेही नाटकमंडळीतले. बाप आठव्या वर्षी गेला, आई अभिनयासाठी परदेशी, आणि नाकातून रक्त वाहण्याची व्याधी असलेले हे पोर आजीच्या पदराखाली. नवव्या वर्षी त्याला पादुआला शिकावयास पाठवले. तेथे विद्यापीठात कायद्याबरोबरच पत्त्यांचे शिक्षणही त्याने घेतले आणि इतके कर्ज केले, की आजीला येऊन त्याला घरी न्यावे लागले. त्यानंतरच्या काही वर्षांत हा मनुष्य मुंडण करून पाद्री होऊ घातला, व्यासपीठावर प्रवचन विसरला, रोममध्ये एका कार्डिनलच्या पदरी चिटणिशी करून निघाला, कॉन्स्टँटिनोपल पाहून आला, लष्करी गणवेष चढवून कॉर्फू बेटावर राहिला, तेथे खिसा रिकामा करून परतला आणि एकविसाव्या वर्षी सान साम्युएले नाट्यगृहात, जेथे आईबापांनी रंगभूमी गाजवली त्याच ठिकाणी, सारंगियांच्या रांगेत व्हायोलिन घासू लागला.

१७४६ साली एका लग्नसमारंभातून परतताना ब्रागादीन नावाच्या वृद्ध सिनेटरला नावेतच अर्धांगाचा झटका आला, आणि शेजारी योगायोगाने हा व्हायोलिनवाला होता. वैद्याने रुग्णाच्या छातीवर पाऱ्याचा लेप चढवला. रुग्ण गुदमरू लागला. आणि वैद्यकाचा गंध नसलेल्या या तरुणाने तो लेप स्वतःच्या जबाबदारीवर पुसून काढला. म्हातारा वाचला. तो मेला असता तर कॅसानोव्हाची काय गत झाली असती हे सांगावयास नको. पण डाव जिंकला, आणि जिंकल्यावर त्याने दुसरा लावला, आपल्याला अंकविद्येने गूढ उत्तरे मिळतात अशी थाप मारली. ब्रागादीनने त्याला मानसपुत्र केले व दरमहा तनखा बांधून दिला. या वृद्धाने त्याला एक उपदेशही केला: उधारीवर कधी खेळू नकोस, आणि खेळलासच तर पाने लावणारा होऊ नकोस, वाटणारा हो, कारण फायदा त्याच बाजूला असतो. या उपदेशात सगळे अक्षहृदय आले. कॅसानोव्हाने तो लिहून ठेवला आणि सवडीप्रमाणे विसरला.

किती विसरला, याचा दाखला रिदोत्तोतच मिळतो. आपल्या पुस्तकात ज्या जोगिणीचा उल्लेख तो केवळ आद्याक्षरांनी करतो, तिने दिलेल्या पैशांवर तो मार्टिंगेल पद्धतीने खेळला, म्हणजे हरले की दुप्पट लावायचे, पुन्हा हरले की पुन्हा दुप्पट. कार्निव्हल सरेपर्यंत तो रोज जिंकत गेला, सहावे पान कधी हरले नाही, असे तो अभिमानाने नोंदवतो. येथे थोडा हिशेब करावा. एकपासून आरंभ केला तर सहाव्या पानापर्यंत त्रेसष्ट लावावे लागतात, आणि हे सर्व कशासाठी, तर पदरी एक पडावा म्हणून. पुढे सहावे पानही हरले. तिचे रोख गेले, हिरे गेले. एवढा गणिती हे जाणत नव्हता, असे मी मानीत नाही. जाणत होता, आणि तरी खेळत होता.

२६ जुलै १७५५ रोजी पहाटे त्याला अटक झाली. धर्माची उघड विटंबना हा आरोप, पाच वर्षे ही शिक्षा, आणि ती त्याला कळवण्याची तसदीही व्हेनिसच्या राज्य-इन्क्विझिटरांनी घेतली नाही. डोजच्या राजवाड्याच्या शिशाच्या छपराखालील ज्या कोठड्यांत त्याला टाकले त्या 'पिओम्बी' आजही प्रवाशांना दाखवतात. तेथून तो कसा निसटला याचे वर्णन त्याने आयुष्यभर दिवाणखान्यांतून केले, आणि ऐकणाऱ्याला दोन तास सवड असेल तरच मी सांगेन, अशी अट घातली. मी दोनच गोष्टी सांगतो. कचऱ्यात सापडलेली एक लोखंडी कांब घासून त्याने टोकदार केली होती, आणि ती शेजारच्या कोठडीतील बाल्बी नावाच्या साधूकडे पोहोचवायची होती. त्याने एक भले मोठे बायबल मागवले, कांब पाठीच्या बाजूने त्यात सरकवली. ती दोन्हीकडे बोटभर बाहेर राहिली. तेव्हा त्यावर लोण्याने काठोकाठ भरलेली मॅकरोनीची परात ठेवून सणाची भेट म्हणून ती रक्षकाच्याच हाती दिली, आणि धर्मग्रंथावर लोणी सांडू नये म्हणून जपून ने, असे बजावले. रक्षकाचे डोळे लोण्यावरून हलले नाहीत. दुसरी गोष्ट मुहूर्ताची. त्याने आपल्या अंकविद्येने आरिओस्तोच्या महाकाव्याला कौल लावला. नववा सर्ग, सातवे कडवे, पहिली ओळ असे उत्तर आले, आणि त्या ओळीत ऑक्टोबरची अखेर व नोव्हेंबरचा आरंभ यांचा उल्लेख निघाला. ज्या विद्येने तो इतरांना फसवीत असे तिच्यावर त्या रात्री त्याने स्वतःचा जीव लावला. ३१ ऑक्टोबर १७५६ च्या रात्री दोघे छपरावर चढले, दुसऱ्या खिडकीतून पुन्हा वाड्यात उतरले, आणि सकाळी एका पहारेकऱ्याने चुकून कोंडले गेलेले पाहुणे समजून त्यांना दार उघडून दिले.

५ जानेवारी १७५७ रोजी, म्हणजे ज्या दिवशी दामियाँने पंधराव्या लुईवर चाकू चालवला त्याच दिवशी, तो पॅरिसला पोहोचला. व्हेनिसमध्ये फ्रान्सचा वकील असताना कॅसानोव्हाचा स्नेही झालेला द बेर्नी आता दरबारात चढत्या पायरीवर होता. त्याने त्याला पारी-द्यूव्हर्ने या वजनदार सावकाराकडे पाठवले. द्यूव्हर्नेला नव्या लष्करी विद्यालयासाठी दोन कोटी लिव्हर हवे होते, खजिन्याला तोशीस न लागता. कॅसानोव्हापाशी कवडीची योजना नव्हती. तरी तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, माझ्या डोक्यात एक गोष्ट आहे. दुसऱ्या भेटीत द्यूव्हर्नेने एक दप्तर त्याच्यापुढे ठेवले; त्यावर नव्वद आकड्यांच्या व त्यांतून पाच काढावयाच्या सोडतीचे नाव होते. क्षणाचाही विलंब न लावता कॅसानोव्हा उत्तरला: होय, हीच माझी योजना. मूळ योजना काल्साबीजी बंधूंची होती. त्यांतील रानिएरी हा पुढे ग्लुकच्या संगीतिकांचा संहिताकार म्हणून प्रसिद्धीस आला.

ही लबाडी झाली. पण त्यानंतर मसलतीत त्याने जे केले ते लबाडीने साधणारे नव्हते. मंत्र्यांची भीती अशी, की एखाद्या सोडतीत लोकांनी नेमके निघणारे आकडे लावले तर राजाचे दिवाळे वाजेल. आकडेशास्त्र सांगते ते असे. नव्वदांतून पाच निघतात, तेव्हा एक आकडा जुळण्याची शक्यता अठरांत एक. सोडत देणार पंधरापट. दोन आकडे जुळण्याची शक्यता सुमारे चारशेंत एक. देणार दोनशे सत्तरपट. तीन जुळणे ११,७४८ मध्ये एक. आणि तेथे तर न्याय्य रकमेच्या निम्मेही देणे नाही. म्हणजे लोभ जितका मोठा तितका राजाचा वाटा मोठा, आणि लोभी माणूस आपण होऊन मोठ्या लोभाकडे जाणार. कॅसानोव्हाने मंत्र्यांना हे पटवलेच, पण त्यापुढची गोष्टही सांगितली: पहिल्याच सोडतीत राजा मोठी रक्कम हरावा अशी इच्छा धरा, कारण त्या बातमीइतकी जाहिरात दुसरी नाही. गणित पुष्कळांना येत होते. जुगाऱ्याचे मन आतून ठाऊक असलेला त्या दालनात हा एकच होता. ऑक्टोबर १७५७ मध्ये फर्मान निघाले, १८ एप्रिल १७५८ रोजी पहिली सोडत झाली. त्याच्या सांगण्याप्रमाणे त्याला सहा कचेऱ्या मिळाल्या, पाच त्याने विकून टाकल्या, आणि सें-दनी रस्त्यावरच्या सहावीवर पाटी लावली, की जिंकणाऱ्याला चोवीस तासांत रोख मिळेल. गर्दी लोटली. राज्यक्रांतीतील काही वर्षांचा खंड सोडला तर ही सोडत १८३६ पर्यंत चालली. बूर्बाँ घराण्याची गादी त्यापूर्वीच गेली होती.

गणेशोत्सवात सोसायटीच्या आवारात खुर्च्या मांडून तंबोला खेळतात, त्यातले नव्वद आकडे या इटालियन सोडतीचेच वंशज होत. मटक्याच्या धंद्याने मुंबई पोखरली जात असता १९६९ साली महाराष्ट्र शासनाने स्वतःची लॉटरी काढली, तेव्हाची कारणमीमांसा द्यूव्हर्नेला ऐकवली असती तर त्याला ती जुनी ओळखीची वाटली असती: लोक खेळणारच, मग बँक सरकारची का नको?

मेजाच्या योग्य बाजूला, राजाश्रयाने, कायमचे बसण्याची ही संधी होती. तेथे तो दोन वर्षेही टिकला नाही. १७५९ साली त्याने रेशमावर नक्षी छापण्याचा कारखाना काढला, त्यात कारागीर मुली नेमल्या, त्यांच्यापायी पैसा उधळला, हुंड्या नाकारल्या गेल्या, जप्ती आली आणि काही दिवस ऋणकोंच्या तुरुंगात काढावे लागले. सुटल्यावर तो हॉलंडकडे निघाला आणि वाटेत कोठेतरी 'शव्हालिए द सेंगाल' झाला. कंटाळा, हेच मला याचे एकमेव कारण दिसते. सोडतीच्या कचेरीत बसणाऱ्याला फक्त वसुली करायची असते. त्याला काहीही होऊ शकत नाही.

पुढची पंधरा वर्षे रस्त्यावर गेली. त्या काळचा रस्ता म्हणजे टपालाच्या घोड्यांचे टप्पे, खिशात एका गावच्या सरदाराने दुसऱ्या गावच्या सरदाराला लिहिलेली शिफारसपत्रे, आणि सावकारी हुंड्या, ज्या वटतील की नाही हे पुढच्या शहरातच कळे. मादाम द्यूर्फे नावाच्या धनाढ्य वृद्धेला पुरुषदेहात पुनर्जन्म मिळवून देतो असे सांगून त्याने तिला वर्षानुवर्षे लुबाडले. या प्रकरणात त्याच्या बाजूने बोलण्यासारखे मला काही सापडत नाही. लंडनला तो एका तरुणीच्या पायी असा खचला, की खिशात शिशाचे गोळे भरून थेम्सच्या पुलावर गेला, आणि वाटेत एक ओळखीचा रंगेल तरुण भेटून त्याला खानावळीत घेऊन गेला म्हणून वाचला. १७६४ साली एका बनावट हुंडीच्या भानगडीतून त्याला इंग्लंड सोडावे लागले. बर्लिनला राजा फ्रेडरिकने त्याला लष्करी छात्रांचे शिक्षकपद देऊ केले, ते त्याने नाकारले. पीटर्सबर्गला सम्राज्ञी कॅथरीनपाशी सोडतीचा विषय निघाला. किमान बोली इतकी असावी, की गोरगरिबांना खेळताच येऊ नये, अशी आपली अट होती, असे ती म्हणाल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. द्यूतावर सरकारने चालवलेल्या साऱ्या चर्चेत इतके शहाणे वाक्य विरळा, आणि ते अर्थातच कोणी अमलात आणले नाही. मार्च १७६६ मध्ये वॉर्सा येथे एका नर्तिकेवरून काउंट ब्रानित्स्की या पोलिश सरदाराशी पिस्तुलांचे द्वंद्व झाले. काउंट पोटात, कॅसानोव्हा डाव्या हाताला जखमी झाला. शल्यवैद्य हात कापू म्हणत होते. याने नकार दिला, आणि हात राहिला. हाही एक डावच.

सप्टेंबर १७७४ मध्ये व्हेनिसने त्याला परत येण्याचा परवाना दिला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिदोत्तोला टाळे लावले. ज्या इन्क्विझिटरांनी त्याला कोंडले होते त्यांच्याकडेच तो 'आंतोनिओ प्रातोलिनी' या नावाने हेरगिरी करू लागला; बातम्या इतक्या फुसक्या, की पगारही धड मिळेना. एका उमरावावर उपहासात्मक पुस्तक लिहून पुन्हा हद्दपार झाला, आणि १७८५ साली काउंट वाल्डश्टाइनच्या बोहेमियातील डुक्स येथील वाड्यात वर्षाला हजार फ्लोरिनांवर ग्रंथपाल म्हणून राहिला.

चाळीस हजार पुस्तके, थंडी, आणि मॅकरोनी बिघडवणारा आचारी. वाड्याच्या कारभाऱ्याशी त्याचे हाडवैर जडले. नोकरांनी त्याच्याच पुस्तकातले त्याचे चित्र फाडून शौचकूपात चिकटवले. याच मुक्कामात त्याने पाच खंडांची एक कादंबरी छापून पैसे घालवले, घनाच्या द्विगुणनावर निबंध लिहिले, आणि त्यानंतर, लावण्यासारखे दुसरे काही न उरल्यावर, फ्रेंच भाषेत आपली जीवनकथा लिहावयास घेतली. तीन हजार सातशेंवर पाने झाली, तरी ती १७७४ पर्यंतच पोहोचली. ४ जून १७९८ रोजी तो वारला. त्यापूर्वी एक वर्ष व्हेनिसचे प्रजासत्ताक नेपोलियनने बुडवले होते.

हस्तलिखित नात्यातल्या एकाकडे गेले, १८२१ साली लायप्झिगच्या ब्रॉकहाउस प्रकाशनाने ते विकत घेतले, आणि काटछाट केलेल्या आवृत्त्या निघत राहिल्या; दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावातून कागद वाचले आणि मूळ पाठ १९६० ते १९६२ या काळात प्रथमच छापला गेला. फेब्रुवारी २०१० मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने सत्तर लाखांहून अधिक युरो मोजून ते हस्तलिखित आपल्या संग्रहात आणले. ग्रंथालयाने त्याची पाने महाजालावर ठेवली असून कोणालाही ती घरबसल्या उलटता येतात.

ज्यांना फ्रेंच येत नाही त्यांच्यासाठी विलार्ड ट्रास्क यांचा बारा खंडांचा इंग्रजी अनुवाद आहे. तो हाती पडला तर वाचकांनी शय्यागृहातील प्रकरणे खुशाल ओलांडावीत, पण द्यूव्हर्नेपुढची ती मसलत आणि रिदोत्तोतील ते सहावे पान ही दोन ठिकाणे सावकाश वाचावीत. गणित पूर्ण जाणणाऱ्याने आपल्या हरण्याचा इतका बिनदिक्कत लिहिलेला जमाखर्च दुसरा माझ्या वाचनात नाही.